शरणागताचे अपील

न्याय लवकर मिळावा ही मागणी इतकी रास्त आहे की, तिच्या पदराखाली दडून न्यायच नको ही मागणी आत शिरली तरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विलायतेत आश्रयार्थ्यांच्या बाबतीत आज हेच घडत आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश सरकारने अशी योजना जाहीर केली की, आश्रय नाकारलेल्या परदेशस्थांची जी अपिले आजवर न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशांपुढे चालत आली, ती खास शिकवून तयार केलेल्या निवाडेकारांच्या एका नव्या मंडळाकडे सोपवावीत. कारण सांगण्यात आले ते विलंबाचे. त्या सुमारास सुमारे ५१,००० अपिले तुंबून राहिली होती, आणि एकेका अपिलास सरासरीने वर्षाहून अधिक काळ लागत होता. हे आकडे लाजिरवाणे आहेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्या आधाराने जो सिद्धांत चौफेर ऐकू येतो, की अपील म्हणजे हद्दपारी लांबविण्याची एक युक्ती असून ती जितकी आखूड करता येईल तितके राष्ट्राचे हित, तो सिद्धांत मात्र आम्हांस सर्वस्वी खोटा वाटतो. आणि तो खोटा का, हे दाखविण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट शब्दांत सांगतो. आश्रयाच्या प्रकरणात अपील हे न्यायाचे शेपूट नव्हे. बहुधा न्यायाला प्रारंभच तेथे होतो. कारण त्यापूर्वी जे घडते तो कचेरीचा व्यवहार असतो, निवाडा नसतो. आणि ज्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत हद्दपारी थांबत नाही, ते अपील नव्हे. ते अपिलाचे श्राद्ध होय.

या विधानातील कडवटपणा ज्यांस अतिरेकी वाटेल त्यांनी आश्रयाचा दावा म्हणजे काय, हे आधी नीट पाहावे. २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात निर्वासिताची व्याख्या केलेली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातील समावेश अथवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून आपला छळ होईल अशी साधार भीती ज्यास वाटते, जो आपल्या देशाबाहेर आहे, आणि त्या भीतीमुळे स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही वा इच्छीत नाही, तो निर्वासित होय. ज्या भूमीवर त्याच्या जिवास वा स्वातंत्र्यास धोका आहे तेथे त्यास परत लोटू नये, असे त्याच कराराचे तेहतिसावे कलम सांगते. आणि न्यायालयाचे द्वार त्यास मोकळे असावे, असे सोळावे कलम सांगते. १९६७ च्या पूरक कराराने या संरक्षणावरील काळाची व प्रदेशाची मर्यादाही काढून टाकली.

आता या व्याख्येतील ‘साधार भीती’ हे दोन शब्द पाहा. इतर न्यायालये काय झाले असे विचारतात. येथे काय होईल असे विचारावयाचे असते. चोरीच्या खटल्यात मुद्देमाल असतो, जमिनीच्या दाव्यात सातबाऱ्याचा उतारा असतो, खुनाच्या चौकशीत प्रेत तरी असते. येथे यांपैकी काहीच नसते. जो छळतो तो छळाचा दाखला लिहून देत नाही. जे साक्षीदार होते ते तुरुंगात आहेत, मेले आहेत, किंवा बोलावयास धजत नाहीत. उरतो तो एकटा मनुष्य आणि त्याची हकीकत. ती हकीकत तो परक्या देशात, परक्या अधिकाऱ्यास, तिसऱ्याच एका दुभाष्याच्या तोंडून सांगतो. पहिल्या जबानीत त्याने अटकेचा एक महिना सांगितला, काही महिन्यांनी झालेल्या दुसऱ्या जबानीत दुसरा सांगितला, की नकारपत्रात वाक्य उमटते: अर्जदाराच्या कथनात विसंगती आढळते, सबब ते विश्वसनीय नाही.

ज्यांच्या घरी पंचांग व कॅलेंडर शेजारी शेजारी टांगलेली असतात, त्या मराठी वाचकास तरी या ‘विसंगती’चे मूळ समजावयास अडचण पडू नये. आपल्या शकात आणि इसवी सनात ७८ वर्षांचे अंतर आहे, आणि आपले वर्ष पाडव्यास उघडते. इराण व अफगाणिस्तान येथील वर्ष वसंतारंभी सुरू होते. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे असून तेथील सन युरोपाच्या सनाहून सात-आठ वर्षे मागे चालतो. अशा मुलुखातून आलेल्या मनुष्याने अटकेची तारीख इंग्रजी महिन्यात सांगावी, ती दुभाष्याने तोंडी हिशेबाने बदलावी, ती कारकुनाने टिपून घ्यावी, आणि शेवटी त्या टिपणावरून मनुष्य खोटा ठरावा! आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक अर्जदार सत्यवचनी असतो. खोटे दावे येतात, पुष्कळ येतात. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे खरे व खोटे ओळखण्याची साधने इतकी अपुरी आहेत, आणि चूक झाल्यास तिची किंमत मनुष्याने आपल्या देहाने द्यावयाची आहे, तेथे एकाच अधिकाऱ्याचा पहिलाच शब्द अखेरचा मानणे हे साहस आहे. आणि ते साहस दुसऱ्याच्या जिवावरचे आहे.

त्यातही हा अधिकारी कोण असतो? ज्या खात्यावर देशात येणाऱ्यांची संख्या कमी करण्याची जबाबदारी आहे, त्याच खात्याचा तो नोकर असतो. तो दुष्ट असतो असे मुळीच नाही. परंतु कोणताही सावकार आपल्याच वहीचा हिशेबतपासनीस होऊ शकत नाही, इतकी साधी गोष्ट व्यापाऱ्यांस कळते, ती राज्यकर्त्यांस कळू नये याचे नवल वाटते.

आपल्या वाङ्मयात याचे एक फार जुने उदाहरण आहे, परंतु ते या दृष्टीने क्वचितच वाचले जाते. वाल्मीकीच्या युद्धकांडात विभीषण समुद्र ओलांडून रामाच्या तळाशी येतो आणि आकाशातूनच आश्रय मागतो, तो प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. कीर्तनकार त्यातून भगवंताचे शरणागतवात्सल्य सांगतात, ते योग्यच आहे. परंतु त्या प्रसंगी प्रथम काय होते? सुग्रीव तात्काळ नकार देतो. हा शत्रूचा भाऊ, हा हेर, याचा वध करावा, असे तो सांगतो. सुग्रीवाची शंका वेडगळ नव्हती. तळाच्या रक्षणाचा भार ज्याच्यावर आहे त्याने असेच बोलावे. अंगद म्हणतो, पारख करावी. शरभ म्हणतो, हेर पाठवावा. जांबवानास आलेली वेळ व जागा संशयास्पद वाटते. मैंद म्हणतो, गोड बोलून विचारपूस करावी. आणि हनुमान या सर्वांच्या युक्तिवादातील उणिवा एकेक करून दाखवितो. मग रामाचा निर्णय होतो. म्हणजे काय झाले? रक्षकाचा पहिला नकार ज्याच्यापुढे गेला तो स्वतः रक्षक नव्हता. दोन्ही बाजू बोलल्या गेल्या. आणि निर्णय होईपर्यंत विभीषणास कोणी लंकेस परत धाडले नाही. सुग्रीवाचाच शब्द अखेरचा असता तर रामायणाची कथा तेथेच निराळी झाली असती. आजच्या राज्यांस रामाचे वात्सल्य आम्ही मागत नाही. सुग्रीवाच्या वर कोणीतरी असावे, एवढेच मागतो.

पुराणातून आता इतिहासात येऊ. १९८७ साली श्रीलंकेतून पळून विलायतेत आलेल्या काही तमिळांचे अर्ज गृहमंत्र्यांनी फेटाळले. त्यांचे प्रकरण थेट लॉर्डांच्या सभागृहापर्यंत, म्हणजे त्या वेळच्या तेथील सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेले. डिसेंबर १९८७ मध्ये त्या न्यायासनाने निर्णय दिला की, भीती केवळ मनात असून भागत नाही, ती बाह्य परिस्थितीवरूनही साधार ठरली पाहिजे; आणि गृहमंत्र्यांनी या कसोटीस धरून निर्णय घेतला असल्याने तो बेकायदा नाही. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. न्यायासनाने तपासले ते निर्णयाची कायदेशीरता. त्या माणसांची हकीकत खरी की खोटी, हे स्वतः पाहणे त्याचे कामच नव्हते. वस्तुस्थितीचे अपील करण्याचा हक्क त्यांस होता. परंतु तो देश सोडून गेल्यावर बजावावयाचा, असा तेव्हाचा नियम होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांपैकी पाच जणांस कोलंबोस परत धाडण्यात आले.

पुढे काय झाले, ते कोणत्याही वकिली युक्तिवादाहून बोलके आहे. त्यांच्या वकिलांनी त्यांच्या गैरहजेरीत लंडन येथे अपील चालविले. मार्च १९८९ मध्ये निवाडेकाराने वस्तुस्थिती नव्याने पाहिली आणि ठरविले की, या पाचांची भीती साधार होती, त्यांस आश्रय द्यावयास हवा होता. ऑक्टोबर १९८९ मध्ये ते विलायतेत परत आले. मधल्या काळात आपणांस अटक व मारहाण सोसावी लागली, असे त्यांपैकी काहींनी सांगितले. माणसे तीच, हकीकत तीच, भीती तीच. सर्वोच्च न्यायासनापुढे ती हरली आणि एका साध्या निवाडेकारापुढे जिंकली. कारण पहिल्याने कागदाची वैधता पाहिली व दुसऱ्याने माणसाची गोष्ट पाहिली. ते परत येऊ शकले, हा दैवाचा भाग. गोळीने मारलेला मनुष्य अपिलात जिंकला तरी विमानाचे तिकीट घेऊन येत नाही.

याच प्रकरणाचा आमच्याविरुद्धही उपयोग करता येतो, तोही लपवून ठेवीत नाही. हे पाच जण पुढे स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये त्या न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरविले की, त्यांस परत धाडण्यात ब्रिटनने मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा भंग केला नव्हता. ठीक आहे. कराराचा भंग झाला नसेल. परंतु ज्यांस आश्रय द्यावयास हवा होता असे खुद्द ब्रिटनच्याच निवाडेकाराने म्हटले, ती माणसे दीड वर्षाहून अधिक काळ त्याच भूमीवर होती, हे तर त्यामुळे पुसले जात नाही. कायदा न मोडता एवढी मोठी चूक होऊ शकते, हा निष्कर्ष सरकारपक्षाच्या समाधानाचा आहे की लज्जेचा?

१९९१ सालचे दुसरे प्रकरण याहून तीव्र आहे. झाईर देशातील एका शिक्षकाचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला. त्यास हद्दपार करावयाच्या दिवशी, १ मे रोजी, त्याच्या वतीने न्यायालयात नवा अर्ज झाला. न्यायाधीशांची समजूत अशी झाली की, तूर्त त्यास पाठविणार नाही असे आश्वासन सरकारी वकिलाने दिले आहे. विमान तरीही निघाले. पॅरिस येथे ते थांबले असतानाही त्यास उतरवून घेतले गेले नाही. न्यायाधीशांनी रात्री आपल्या घरून हुकूम दिला की त्यास परत आणावे. दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी, मंत्र्यास असा हुकूम करण्याचा न्यायालयास अधिकारच नाही असा कायदेशीर सल्ला घेऊन, परतीची व्यवस्था रद्द केली. जुलै १९९३ मध्ये लॉर्डांच्या न्यायासनाने ठरविले की, गृहमंत्री आपल्या पदाच्या नात्याने न्यायालयाच्या अवमानास पात्र आहेत. राज्यकर्त्यांनी कायदा पाळावयाचा तो मेहेरबानी म्हणून नव्हे, तर बंधन म्हणून. इंग्रजी कायद्याच्या इतिहासात हा निकाल सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगा मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु तत्त्वाचा हा विजय होण्यास दोन वर्षे लागली, आणि तो झाला तेव्हा ज्याच्यासाठी अर्ज होता तो मनुष्य विलायतेत नव्हता.

त्याच १९९३ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून आश्रय नाकारलेल्या प्रत्येकास देशात राहूनच अपील करण्याचा हक्क दिला. हा हक्क कोणा भाबड्या परोपकाऱ्याने दिलेला नव्हता; वरच्यासारख्या अनुभवांनी तो मिळवून दिला होता. परंतु दिलेला हक्क समोरून काढून घेणे कठीण असले, की तो घड्याळाने काढून घेता येतो. आश्रयार्थ्यास बंदिगृहात ठेवून त्याचे प्रकरण ‘जलद गतीने’ निकालात काढण्याची पद्धत पुढे सुरू झाली. २०१४ च्या नियमांप्रमाणे अशा बंदिवानास नकारानंतर अपील दाखल करावयास दोन कामाचे दिवस मिळत, आणि सारे होऊन सुनावणी व्हावयाची ती सात कामाच्या दिवसांत. एवढ्या अवधीत कोठडीतील मनुष्याने वकील गाठावा, वकिलाने दुभाषा गाठावा, डॉक्टरने अंगावरील व्रण तपासून अहवाल द्यावा, आणि दूरदेशाहून एखादा कागद मागवावा! २०१५ च्या जुलैत तेथील अपील न्यायालयाने हे नियम बेकायदा ठरविले. ही व्यवस्था एखाद्या प्रकरणापुरती चुकली असे नव्हे, तर तिची घडणच अन्याय्य आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आज वेगाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा निकाल पुन्हा एकदा वाचावा. वेगाचा प्रयोग होऊन गेलेला आहे आणि तो न्यायालयात नापास झालेला आहे.

आता प्रतिपक्षाच्या युक्तिवादांकडे वळू. त्यांचा पहिला युक्तिवाद असा की, बहुतेक अपिले निरर्थक असतात. आकडे तसे सांगत नाहीत. २००४ ते २०२१ या काळात विलायतेत निकालात निघालेल्या आश्रयविषयक अपिलांपैकी सुमारे तृतीयांश मंजूर झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यापर्यंत गेले. यांतील काही निकाल नवा पुरावा पुढे आल्यामुळे लागले असतील, हे गृहीत धरले तरी बाकी थोडी उरत नाही. ज्या पेढीच्या तीन हिशेबांतील एक हिशेब तपासणीत चुकीचा ठरतो, तिने कारकुनांस शिकवावे की तपासनिसास काढून टाकावे? सरकारची योजना दुसऱ्या मार्गाकडे झुकते. नव्या मंडळातील निवाडेकारास न्यायाधीश म्हणोत वा न म्हणोत, नावाशी आमचे भांडण नाही. त्या पाच तमिळांस न्याय देणाराही निवाडेकारच होता. प्रश्न इतकाच की त्याची नेमणूक, बढती व मुदत कोणाच्या हाती, आणि महिन्यास अमुक इतकी प्रकरणे उरकलीच पाहिजेत असा दंडक त्याच्या डोक्यावर टांगलेला आहे की नाही. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत संशय घेणे हा नागरिकाचा धर्मच आहे.

दुसरा युक्तिवाद विलंबाचा. विलंब खराच आहे, परंतु तो कोणी केला? अपिलार्थ्यास अर्ज दाखल करावयास कायद्याने मिळतात ते चौदा दिवस. त्यापुढील महिने तो आपल्या मर्जीने काढीत नाही. सुनावणीच्या तारखा कमी, न्यायाधीश अपुरे, सरकारी खर्चाने काम करणारे वकील दुर्मिळ, आणि मुळातील निर्णयच घाईने लिहिलेले. या चारांपैकी एकही गोष्ट आश्रयार्थ्याच्या हातची नाही. ज्याचा दावा खरा आहे त्यास तर विलंबाइतका दुसरा शत्रू नाही. त्याची बायकामुले मागे अडकलेली असतात, त्यास सामान्यतः काम करण्याची मुभा नसते, आणि प्रत्येक टपालाबरोबर त्याचे काळीज हलते. खोट्या दाव्यास विलंब फळतो हे खरे. म्हणून न्यायाधीश वाढवावेत. रुग्णालयात गर्दी झाली म्हणून निदान करणेच बंद करावे, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा युक्तिवाद अधिक उघड व म्हणून अधिक प्रामाणिक आहे: परक्यास आमच्या न्यायालयात हक्क कसला? याचे उत्तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८५ रोजी दिले, आणि ते मिळवून देणारे सात अर्जदार बहुतेक आपल्याच देशातून गेलेले शीख होते, हे आपण विसरू नये. त्यांचे दावे केवळ कागदोपत्री फेटाळले गेले होते. त्यांस समक्ष ऐकून घेणारे कोणीच नव्हते. न्यायालयापुढे प्रश्न आला की घटनेतील ‘प्रत्येकास’ या शब्दात परके येतात काय. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, जो कोणी मनुष्य देहाने या भूमीवर आहे तो ‘प्रत्येक’ या शब्दात येतो. जेथे माणसाच्या विश्वसनीयतेवरच निकाल अवलंबून आहे तेथे त्यास समक्ष ऐकले पाहिजे. आणि तसे करणे कचेरीस गैरसोयीचे जाते, हे मूलभूत न्याय नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या निकालाने कॅनडा बुडाला नाही. तेथे ४ एप्रिल हा निर्वासितांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळला जातो.

चौथा युक्तिवाद लोकसत्तेच्या नावाने येतो. निवडून आलेल्या संसदेच्या मार्गात न निवडलेल्या न्यायाधीशांनी आडवे का यावे? याचे फळ आपण नुकतेच पाहिले. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने आश्रयार्थ्यांस आफ्रिकेतील रवांडा देशात धाडण्याचा करार केला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने पुराव्यावरून ठरविले की, रवांडातून या माणसांस पुन्हा त्यांच्या छळकर्त्यांकडे लोटले जाण्याचा खरा धोका आहे. यावर सरकारने काय केले? एप्रिल २०२४ मध्ये कायदा करून घेतला की रवांडा सुरक्षित आहे, आणि न्यायालयांनी ते तसे मानलेच पाहिजे. संसदेस कर बसविता येतो, युद्ध मान्य करता येते; परंतु जे पुराव्याने असत्य ठरले ते ठरावाने सत्य करता येते, हा शोध नवा होता. जुलै २०२४ मध्ये सरकार बदलले आणि ती योजना गुंडाळली गेली. तिच्याखाली एकाही मनुष्यास सक्तीने रवांडास नेता आले नाही. परंतु बहुमताने वस्तुस्थिती ठरविण्याचा तो पायंडा मात्र कायद्याच्या पुस्तकात उमटून गेला.

वाचक म्हणतील, विलायतेच्या या भानगडींशी मराठी वाचकास काय कर्तव्य? कर्तव्य आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी टाकून फ्रान्सची भूमी गाठली, आणि फ्रेंच शिपायाने त्यांस पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले, ही गोष्ट महाराष्ट्रातील मुलास पाठ असते. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या प्रकरणातील कायद्याचा भाग स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. फ्रान्सने त्यांस परत मागितले, आणि तंटा हेग येथील लवादाकडे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निवाडा दिला की, अटक करून स्वाधीन करण्यात अनियमितता झाली खरी. परंतु ती झाली म्हणून कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही. त्या तंट्यात पक्षकार होते ते दोन राज्ये. ज्याच्या आश्रयाचा प्रश्न होता तो मनुष्य पक्षकार नव्हता. आणि हेगचा निवाडा येण्यापूर्वीच, डिसेंबर १९१० मध्ये, मुंबईत त्यांस जन्मठेपेची पहिली शिक्षा सांगूनही झाली होती. चूक कबूल, परंतु दुरुस्ती नाही. निवाडा नंतर, अंमलबजावणी आधी. आज ज्या पद्धतीचे समर्थन सुधारणेच्या नावाने चालले आहे, ती आमच्या आजोबांनी पाहिलेली आहे.

आणि खुद्द आपल्या घरात काय आहे? १९५१ चा करार भारताने स्वीकारलेला नाही, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही येथे नाही. ज्या देशाने तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ आणि १९७१ साली पूर्व बंगालचे लक्षावधी निराश्रित पोटाशी धरले, त्या देशात आश्रय ही अद्याप सरकारची कृपा आहे. कृपा नाकारली गेली तर अपील कोणाकडे करणार? उरतो तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज करण्याचा मार्ग. १९९६ साली चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, घटनेचे एकविसावे कलम केवळ नागरिकांचे नव्हे, प्रत्येक व्यक्तीचे रक्षण करते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांची परतपाठवणी थांबविण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. ठरलेली कार्यपद्धती पाळावी, एवढेच बंधन घातले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच मणिपूरच्या उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांस दिल्लीस जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कचेरीत दाद मागण्याची मुभा दिली, आणि परत न लोटण्याचे तत्त्व एकविसाव्या कलमातच सामावलेले आहे असे म्हटले. दोन्ही ठिकाणी राज्यघटना एकच, आणि माणसे एकाच देशातून आलेली. ज्या देशात कायदा नसतो, तेथे शरणागताचे भवितव्य कोणत्या शहरात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या न्यायाधीशापुढे अर्ज आला यावर लोंबकळत राहते. अशा वेळी विलायतेस नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही; तेथे निदान मोडावयास कायदा तरी आहे.

आमची मागणी मोठी नाही. नकार देणाऱ्याने कारणे लेखी द्यावीत. ती कारणे अर्जदारास त्याच्या भाषेत कळावीत. वकील व दुभाषा मिळण्यास माणुसकीला धरून अवधी असावा. ज्या खात्याने नकार दिला त्याच्या छत्राखाली नसलेल्या न्यायाधीशाने वस्तुस्थिती पुन्हा पाहावी, केवळ शिक्का बरोबर जागी आहे की नाही एवढेच पाहू नये. आणि तो निकाल लागेपर्यंत विमान धावपट्टीवरच राहावे. एवढे केल्यावर जर न्यायाधीशानेही नाही म्हटले, तर त्या मनुष्यास सन्मानाने परत पाठविण्यास आमची हरकत नाही. राज्यास सीमा असतात हे आम्हांस कळते. एवढे न करता जे पाठविणे होते त्यास मात्र निर्णयाची अंमलबजावणी म्हणू नये. ते पुराव्याचा नाश करणे होय. कारण या दाव्यात पुरावा म्हणून जो एकच मनुष्य असतो, त्यालाच तेथे विमानात बसविलेले असते.